खताची गोणी पाहतो, डॉक्टरची सुई का पाहत नाही?



आपण ऊसवाले लोक व्यवहाराला कच्चे नाही. काट्यावर गाडी चढली की आपली नजर आकड्यावर खिळलेली असते. वजनात थोडी शंका आली तरी भरलेली गाडी दुसऱ्या काट्यावर नेऊन खात्री करून घेणारे सभासद आपल्यात आहेत. उतारा जरा खाली आला तर वार्षिक सभेत चेअरमनसाहेबांना घाम फुटेपर्यंत प्रश्न विचारतो. बेणे घेताना डोळा पाहतो, बैल घेताना दात पाहतो. मात्र हाच चौकस माणूस तापाने फणफणला की गावच्या दवाखान्यात जातो, सदऱ्याची बाही वर करतो आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसतो. सुई कोणती, औषध कोणते, डॉक्टरची पदवी कोणती, पैसे कशाचे, एक अक्षर विचारत नाही. बाहेर येऊन वर सांगतो, "डाक्टरच्या हाताला गुण हाय!"

हा विचार आमच्या डोक्यात आला तो थळला. अलिबागजवळच्या या समुद्रकाठच्या गावाचे नाव आपल्याला खताच्या गोणीमुळे ठाऊक. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरियाचा मोठा कारखाना थळला १९८५ साली सुरू झाला, तो मुंबई हायच्या समुद्रातल्या वायूच्या जोरावर. आपल्या उसाला कित्येक वर्षे पडलेली 'उज्ज्वला' तिथलीच. हंगाम संपल्यावर आम्ही काही सभासद तो भाग पाहायला गेलो होतो.

कारखान्याच्या फाटकावरच काडेपेट्या, विड्या काढून घेतल्या. डोक्यावर टोप्या चढवल्या. अमोनिया गळला तर वारा कुठला आहे ते बघायचे आणि कोणत्या बाजूला पळायचे, हे आधी सांगितले, मगच आत सोडले. आमच्यातला एकजण कुरकुरला, "आम्ही काय लहान पोरं हाय का?" दाखवणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "नियम जाणत्यालाच लागतो. नवखा भीतीनंच जपून चालतो."

हे बोलणे खरे आहे. याच थळच्या कारखान्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये वातानुकूलन यंत्र बसवण्याच्या कामात स्फोट होऊन तीन माणसे दगावली. एवढे नियम असलेल्या जागी असे घडते, तर जिथे नियमच नाही तिथे काय होत असेल? नियम भिंतीवर लावून भागत नाही, तो रोज पाळावा लागतो.

आणि गोणी पाहा. तिच्यावर नत्र ४६ टक्के असे छापलेले असते. वजन ४५ किलो छापलेले असते. १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे, त्याप्रमाणे नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवता येतो. कमी भरले तर विक्रेत्याचा परवाना जातो. जमिनीच्या पोटात जाणाऱ्या मालाला एवढा बंदोबस्त. आपल्या शिरेत जाणाऱ्या मालाचे काय?

त्याच दिवशी संध्याकाळी आमचे एक सोबती समुद्रात पाय बुडवायला म्हणून खडकावर उतरले आणि कालवांच्या धारेने तळपाय चिरला. रक्त थांबेना. कोळीवाड्याच्या वाटेवर एक लहानसा दवाखाना होता, तिथे नेले. दोन खोल्या, एक बाक, एक टेबल. पण भिंतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक ठळक लिहिलेला, शेजारी तपासणी फीचा फलक.

आमच्या आधी एक मच्छीमार बसला होता. शिंगाळ्याचा काटा तळहातात मोडलेला. डॉक्टरांनी साबणाने हात धुतले. सिरिंजचे पाकीट त्याच्यासमोर धरले, "बघून घे, बंद आहे ना?" असे विचारले आणि मग फोडले. भूल देऊन काटा काढला. वापरलेली सुई तिथल्या तिथे यंत्रात कापली, पांढऱ्या जाड डब्यात टाकली. सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. सगळे मिळून दहा मिनिटे लागली.

मग आमच्या सोबत्याची पाळी. जखम पाण्याने धुतली, आत शिंपल्याची कच राहिली का ते नीट पाहिले, पट्टी बांधली. "धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली?" दोन वर्षांपूर्वी कोयता लागला होता तेव्हा घेतली होती. "मग आज गरज नाही." सोबत्याचे तोंड उतरले. एवढ्या लांब येऊन सुई नाही म्हणजे काय! म्हणाले, "डाक्टरसाहेब, निदान ताकदीची एक बाटली तरी लावा."

डॉक्टर हसले. "तुम्ही कुठले?" ऊसवाले आहोत असे कळल्यावर त्यांनी जो हिशेब सांगितला तो आम्ही जन्मात विसरणार नाही. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत पाच टक्के, म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर. चहाचे पाच-सहा चमचे. मिठाच्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. बाकी पाणी. जुलाब-वांतीने शरीर कोरडे पडले, तोंडाने काही राहत नाही, रक्तस्राव झाला, अशा वेळी तीच बाटली जीव वाचवते. नुसत्या थकव्याला ती लावणे म्हणजे दोन घोट लिंबू सरबत शिरेतून पिणे.

आम्ही परतीच्या गाडीत हिशेब केला. पंचवीस ग्रॅम साखरेची किंमत बाजारभावाने रुपयाच्या आसपास. साखर कारखान्याचा सभासद स्वतःच्या दारी पिकलेली रुपयाची साखर गावच्या दवाखान्यात खाटेवर आडवा पडून काहीशे रुपयांना विकत घेतो, आणि वर आभार मानतो! दुखणे रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण आपल्याच बापजाद्यांनी केली, आणि आपण ती रोज खरी करून दाखवतो.

आता आपल्या गावाकडे वळू. नाव कुणाचे घेत नाही, कारण हे एका गावाचे किंवा एका डॉक्टरचे दुखणे नव्हे. आमच्याच वस्तीजवळच्या एका दवाखान्याचा कचरा वर्षानुवर्षे मागच्या उकिरड्यावर पडत होता. त्या उकिरड्याचे खत आम्ही गाडीभर विकत घेतले आणि लागणीच्या रानात पसरले. पसरताना गड्याच्या पायात सुई घुसली. सुदैवाने पुढे काही झाले नाही. पण तीन महिने रक्ताच्या तपासण्या करीत तो गरीब माणूस आणि त्याची बायको कशी झोपली असतील, याचा विचार करा. चूक ज्याने सुई टाकली त्याची खरीच. पण वर्षानुवर्षे ती सुई पाहून आम्ही गप्प बसलो, हीसुद्धा चूकच.

ही भीती बागुलबुवाची नाही. गुजरातेत मोडासा येथे २००९ साली कावीळ-बची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. तपासाअंती बोट गेले ते पुन्हापुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांकडे. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यात २०१८ साली, सायकलवरून फिरून स्वस्तात सुई टोचणाऱ्या एका भोंदू डॉक्टरपायी चाळीसहून अधिक माणसांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले. त्याच्याकडे माणसे का जात? दहा रुपयांत गुण येतो म्हणून! आपल्या देशात इंजेक्शनांची जी देशव्यापी पाहणी २००४ च्या सुमारास झाली, तिच्यात सुमारे ६३ टक्के इंजेक्शने असुरक्षित आढळली. त्यानंतर एकदाच वापरायच्या सिरिंजा सर्रास आल्या, जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ साली नव्याने कडक झाले, हे मान्य. पण नियम पाळला जातो की नाही ते पाहणारा डोळा गावात कुणाचा आहे?

औषधाच्या दर्जाचेही तसेच. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरीनमध्ये विषारी रसायन निघाले आणि चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतचा सगळा गोंधळ चव्हाट्यावर मांडला. तेव्हा वाटले, एकदा धडा मिळाला, आता पुन्हा नाही. पण २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधात तेच डायएथिलीन ग्लायकॉल निघाले आणि वीसहून अधिक लेकरे गेली. त्यांतली कितीतरी शेवटच्या उपचाराला आपल्या नागपुरात आणलेली होती. एकोणचाळीस वर्षांनी तेच विष! म्हणून पुडीत बांधून दिलेल्या, नाव-गाव नसलेल्या गोळ्या आणि लेबल नसलेल्या बाटलीतले लाल औषध घेताना हात थबकला पाहिजे. ज्या औषधावर बॅच क्रमांक नाही, त्याबद्दल उद्या तक्रार तरी कशी करणार?

कुणी म्हणेल, हे सगळे शहरातल्या मोठ्या रुग्णालयांना ठीक, खेड्यातल्या दोन खोल्यांच्या दवाखान्याला कुठून झेपणार? याचे उत्तर रायगड जिल्ह्यातच आहे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा धडधाकट माणसे, पोरे पटापट मरत. दाखल होणाऱ्यांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास मृत्यू. या डॉक्टरांकडे ना मोठी यंत्रे, ना तज्ज्ञांचा ताफा. ते रोग्याच्या उशाशी रात्रभर बसले, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद केली. त्या नोंदींतून रोगाचे वर्म सापडले, प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध लागू पडले आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकावर आले. इंग्लंडच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाने ते काम छापले. पुढे २०१३ साली एका तपासणी केंद्राने रोगी पाठवल्याबद्दल बाराशे रुपयांचा धनादेश पाठवला, तो त्यांनी परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार नोंदवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दर्जा म्हणजे संगमरवरी फरशी नव्हे, हे यातून आपण शिकावे. दर्जा म्हणजे धुतलेले हात, लिहिलेली नोंद आणि न घेतलेला कट.

आता आपल्या उसाशी निगडित असलेली, बोलायला जड जाणारी गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशये काढली जात असल्याची बातमी २०१९ साली राज्यभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशाची सरासरी त्या सुमारास शंभरात तीनच्या आसपास होती. त्यांतल्या बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या. पोटात दुखते, अंगावरून जाते म्हणून बाई गेली आणि "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेली, असे कितीतरी बायांनी सांगितले. तिशी-पस्तिशीतल्या बाया!

त्या बाईला दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यायला सवड नव्हती, कारण एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. कोपीवर न्हाणी नाही, संडास नाही, स्वच्छ पाणी नाही, म्हणून आजार. आजार म्हणून दवाखाना. दवाखान्याला विचारणारा कुणी नाही, म्हणून शस्त्रक्रिया. या साखळीची एक कडी आपल्या बांधावर आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. ती बाई आपल्याच फडात कोयता चालवते. तिने तोडलेल्या उसाचे बिल आपल्या खात्यावर जमा होते. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार महामंडळ उभे राहिले आणि त्यासाठी कारखान्यांवर टनामागे दहा रुपये बसले. ते दहा रुपये आपण कुरकुरत देतो. पण त्या पैशातून कोपीवरच्या बाईला काय मिळाले, हे आपल्या किती सभासदांनी विचारले?

डॉक्टरांवर एकतर्फी तोंडसुख घेण्याचा आमचा हेतू नाही. रात्री दोन वाजता दार ठोठावले तर उठून येणारा गावचा डॉक्टरच असतो. उधारी तोच ठेवतो. आणि तो प्रामाणिकपणे "सुईची गरज नाही" म्हणाला तर आपण काय करतो? "ह्याला काय कळत न्हाई" म्हणून समोरच्या दवाखान्यात जातो. चार रोगी असे गेले की पाचव्याला तो बिचारा सुई टोचतो. गावाने जशी मागणी केली तसा दवाखाना झाला. शिवाय रोगी दगावला की खुर्च्या मोडायला धावणारेही आपल्यातच आहेत. डॉक्टरांवर हात टाकणाऱ्यांविरुद्ध राज्याला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, ही आपल्याला भूषणावह गोष्ट नाही. जाब विचारायचा तो तोंडाने आणि कागदाने.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. खाटा ठेवून रोगी दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयाला १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदणी लागते, आणि त्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. मात्र नुसते तपासून औषध देणारा, खाट नसलेला दवाखाना या कायद्याच्या जाळ्यातून सुटतो. त्याला तपासायला कुणी फारसे येत नाही. म्हणून तिथे रोगी हाच तपासनीस.

तेव्हा आमचे सभासदांना सांगणे असे. दवाखान्यात गेल्यावर भिंतीवर नोंदणी क्रमांक आहे का पाहा, नसेल तर नम्रपणे विचारा. सुई आणि सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा आणि वापरल्यावर सुई कापली जाते का ते पाहा. "ही सुई नाही घेतली तर चालेल का? गोळी आहे का?" एवढे दोन प्रश्न विचारा. औषध चिठ्ठीवर लिहून मागा, पाकिटावरची मुदत वाचा, आपल्याला येत नसेल तर नातीकडून वाचून घ्या. पैशाची पावती घ्या. शस्त्रक्रिया सुचवली आणि तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. छातीत कळ, सर्पदंश, बाळंतपणात अडचण, अशा वेळी गावात बाटली लावत वेळ घालवू नका. १०८ ची गाडी २०१४ पासून त्यासाठीच आहे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याबद्दल जरा विचार करावा.

सरकारी केंद्रालाही सोडू नका. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मोफत आहे म्हणून हलके चालेल असे नाही. सरकारी केंद्रांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके ठरलेली आहेत, तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते. आपल्या केंद्राने ते घेतले आहे का, सर्पदंशाची लस शिल्लक आहे का, हे ग्रामसभेत विचारा. बोगस डॉक्टरची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी करा.

आणि कारखान्याला आमची विनंती. येत्या वार्षिक सभेपुढे एक ठराव यावा. गाळप हंगामात प्रत्येक तोड टोळीच्या कोपीवर ठरलेल्या वारी नोंदणीकृत डॉक्टर, शक्यतो बाई डॉक्टर, जाव्यात. त्या दिवशी तपासणीला गेलेल्या बाईचा खाडा धरू नये. आणि कार्यक्षेत्रातल्या ज्या दवाखान्यांची सुया-कचऱ्याची गाडी परवडत नाही म्हणून तक्रार आहे, त्यांना एकत्र करून ती व्यवस्था सहकाराने उभी करावी. एकट्या डॉक्टरला न परवडणारी गोष्ट दहाजणांना मिळून परवडते. आपला कारखानाही याच हिशेबावर उभा राहिला ना?

थळहून परत येताना आमच्या सोबत्याच्या हातात डॉक्टरांनी दिलेला कागद होता. वर तारीख, मध्ये दोन गोळ्यांची नावे, खाली शेवटची ओळ: जखम लाल झाली, ठणका लागला किंवा ताप आला तर लगेच दाखवा. घाट चढेपर्यंत त्यांनी तो तीनदा काढून वाचला. पाय आठ दिवसांत बरा झाला. कागद मात्र त्यांनी अजून ठेवला आहे, शेअर सर्टिफिकेटच्या फाईलीत. आम्ही विचारले, कशाला? म्हणाले, "साठ वर्सात पहिल्यांदा डाक्टरनं मला लिहून दिलंय, की मला काय झालंय."